बर्फातले पन्नास किलोमीटर

पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियाच्या उत्तर भागात, पोलंडच्या सीमेलगत यिझेरा नावाचे डोंगर आहेत. तिथल्या गिर्यारोहकांनी हिवाळी सराव म्हणून जानेवारी 1968 मध्ये स्कीवरून पन्नास किलोमीटरची शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी स्पर्धक जेमतेम पन्नास. त्याच ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे देशात घुसले.

पुढची सुमारे वीस वर्षं हौशी स्कीपटूला पश्चिमेकडे जायचं, तर सरकारी परवाना हवा, परकीय चलनासाठी बँकेची मंजुरी हवी. नॉर्वेतल्या एखाद्या शर्यतीचं स्वप्न अर्जावरच राही. खेळाला कम्युनिस्ट राजवटीचा विरोध नव्हता, उलट उत्तेजनच होतं; सीमा मात्र बंद होती. मग माणसं सुट्टीच्या दिवशी पहाटे आपल्याच रानात जात. पायात अरुंद लाकडी पट्ट्या, टाच मोकळी, चढावर मागे घसरू नये म्हणून तळाला चोळलेलं मेण. झाडांमधून एका लयीत पुढे सरकायचं. त्या पिढीच्या आठवणींतलं मला सर्वांत हृद्य वाटतं ते हे: त्या काही तासांत त्यांना कुणाला काही विचारावं लागत नसे.

शर्यत सुरू करणाऱ्यांपैकी काही जण 1970 मध्ये पेरूच्या वास्कारान शिखरावरच्या पंधरा जणांच्या मोहिमेत गेले. एक साथी आधीच अपघातात गेला होता. 31 मे रोजी भूकंपाने हिमकडा कोसळला आणि उरलेले चौदाही गाडले गेले.

1989 मध्ये सीमा उघडल्या. आज या शर्यतीत हजारो लोक उतरतात, आणि ती अजूनही त्या पंधरा जणांच्या स्मरणार्थच होते.