जिथे केल्याचं चीज होतं

मनासमोर जमिनीचा एक चौकोन आणा. कोरडा, फिकट तपकिरी. हातात झारी आहे. ती कलली की चौकोनाचा रंग गडद होतो, ओल्या मातीचा होतो. मग त्याला लागून असलेला दुसरा चौकोन, मग तिसरा. असे पंधरा. झारीत चाळीस चौकोनांपुरतं पाणी मावतं. संपलं की तळ्यावर जायचं आणि भरून आणायची. घाई करू नका. पाणी घालून होईपर्यंत आपल्याला दुसरं काहीही करायचं नाही.

ही 'स्टारड्यू व्हॅली' या व्हिडिओ गेममधली पहिली सकाळ. आजोबांनी मरणशय्येवर नातवंडाच्या हाती एक बंद पाकीट दिलेलं असतं. ते नातवंड पुढे 'जोजा' नावाच्या अवाढव्य कंपनीत, ओळीने मांडलेल्या टेबलांपैकी एका टेबलाशी दिवस ढकलत असतं. एके दिवशी अगदीच असह्य होतं, तेव्हा ते पाकीट फोडतं आणि आजोबांच्या शेतावर राहायला येतं. शेत म्हणजे दगड, ओंडके आणि माजलेलं तण. जवळ 500 नाणी. गावचे महापौर लुईस 15 बिया भेट देतात, पार्सनिपच्या. पार्सनिप म्हणजे गाजराच्या कुळातला पांढरट कंद. रोज पाणी घातलं की चार दिवसांत तो काढणीला येतो. काढायचा, घराजवळच्या लाकडी पेटीत टाकायचा आणि झोपायचं. सकाळी कंदामागे 35 नाणी जमा.

हा खेळ मी बरीच वर्षं खेळते आहे आणि अजून त्याच्याविषयी माझं मन एका जागी बसलेलं नाही. म्हणून आज तो नुसता समोर ठेवून पाहू या.

आधी हे पाहू, की त्या पहिल्या सकाळी आत काय सैल होतं. काहीतरी होतं खास. खेळातला दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला संपतो, आपल्या घड्याळात जेमतेम 14 मिनिटांचा. त्या चौदा मिनिटांत केलेली एकही गोष्ट सहसा वाया जात नाही. पाणी घातलेलं रोप दुसऱ्या दिवशी वाढलेलं दिसतं. बुजगावणं उभं केलं की कावळे फिरकत नाहीत. वादळात एखादी वीज पडून एखादं रोप जातं, तेवढंच. उद्याचं हवामान टीव्हीवर आदल्या दिवशी कळतं, आणि ते खरं ठरतं.

आता आपल्याकडे वळा. गेल्या महिन्यात तुम्ही मनापासून केलेलं एखादं काम आठवा, ज्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच नाही. कुणाला समजावून सांगितलेलं, कुणाची केलेली सेवा, रात्री जागून लिहिलेलं काही. ते आठवलं की जी पोकळी जाणवते, तिच्यापाशी थोडं थांबा. केल्याचं चीज व्हावं, ही माणसाची फार जुनी भूक आहे. पडद्यावरच्या पंधरा चौकोनांशी आपण येतो ते ही भूक घेऊन. याला पळवाट म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. दिवसभर ज्याच्या हाताला यश नाही, त्याने रात्री चार कंद काढले आणि त्याला बरं वाटलं, तर ते बरं वाटणं खरंच असतं.

तरीही काहीतरी खुपतं. माझे मामा नाशिक जिल्ह्यात कांदा करतात. उन्हाळ कांद्याचं रोप टाकण्यापासून माल चाळीत भरेपर्यंत त्यांचा अर्धा हिवाळा आणि सगळा उन्हाळा जातो. मग लिलाव. मग हातात येते ती पट्टी, हमाली-तोलाई वजा होऊन. डिसेंबर 2023 मध्ये निर्यात बंद झाली आणि चांगला भाव येता येता हातचा गेला, तेही त्यांनी पाहिलं आहे. एकदा माझ्या मोबाइलवर हा खेळ बघत ते शेजारी बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाव कोण ठरवतं गं तिथं?"

"कोणीच नाही, मामा. ठरलेलाच असतो. कितीही माल घातला तरी पडत नाही."

"मग बरंय की," मामा म्हणाले. "खेळ तरी असा असावा."

त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. तो आला नाही. पण हंगाम 28 दिवसांचा असतो आणि अठ्ठाविसावी रात्र उलटली की उभं पीक एकदम वाळून जातं, हे ऐकल्यावर मात्र ते सावरून बसले. एका रात्रीत गेलेलं शेत त्यांना ठाऊक आहे. फक्त त्याची तारीख आधी कुणी सांगितलेली नसते.

पुढे चला. खेळातलं दुसरं वर्ष. आता स्प्रिंकलर आले आहेत. मधला आठ चौकोन भिजवतो, सगळ्यात भारी तो चोवीस. झारी पेटाऱ्यात जाते. पार्सनिप कोण लावणार? वाळवंटातल्या दुकानातून स्टारफ्रूटचं बी आणायचं. फळ 750 ला जातं, आणि लाकडी पिंपात आठवडाभर ठेवून त्याची वाइन केली की 2250. पिंपांची कोठारं उभी राहतात. सकाळ उगवते ती यादी घेऊन: आज बुधवार, म्हणजे पिएरचं दुकान बंद, अमक्याचा वाढदिवस, पिंपं रिकामी करायची. जोजाच्या टेबलावरून उठून आलेलं माणूस स्वतःच्या शेतावर घड्याळाकडे बघत धावत असतं. खेळ यातलं काहीही करा म्हणत नाही. पावलोपावली तो फक्त थोडं अधिक फळ देतो, आणि आपण तिकडे वळतो. पाणी घालण्यात जीव रमत होता, आणि पाणी घालावं लागू नये म्हणूनच सगळी मेहनत केली. हे दोन्ही एकदम मनात धरून पाहा. सोडवायची घाई नको.

आता गावातली माणसं. मातीने दिलेली हमी आपल्याला सुखावते. तीच हमी माणसांच्या बाबतीत मिळाली की मला अवघडल्यासारखं होतं. गावाच्या उत्तरेला डोंगरापाशी तंबूत लायनस राहतो. एकटा, आपल्या मर्जीने. त्याला नारळ फार आवडतो. नारळ दिला की 80 गुण. 250 गुणांचं एक हृदय भरतं, दहा हृदयं म्हणजे घट्ट मैत्री. आठवड्यात दोनच भेटी चालतात. हे आकडे एकदा कळले की त्याच्या तंबूकडे जाणारी वाट पहिल्यासारखी राहत नाही. जवळ नारळ नसला तर माझी पावलं तिकडे वळत नाहीत, हे मी स्वतःशी पाहिलं आहे. खऱ्या गावात ज्याच्याकडे रिकाम्या हाताने जाता येतं, त्यालाच आपण आपलं माणूस म्हणतो.

पण खेळाला हेही कळतं, असं वाटायला लावणारी एक जागा आहे. केंट पहिलं वर्षभर गावात नसतो. दुसऱ्या वर्षी तो युद्धावरून घरी येतो. ओळख थोडी वाढल्यावर एकदा आपण त्याच्या घरी जातो. बायको स्वयंपाकघरात पॉपकॉर्न करते आहे. दाणे फुटू लागतात. तो आवाज कानी पडला आणि केंट पुन्हा तिथे, त्या युद्धात जाऊन पोचतो. बायकोला बिचारीला काहीच कल्पना नसते. ती प्रेमाने खायला करत असते. या प्रसंगात आपल्याला करण्यासारखं फारसं काही नसतं, आणि नंतर कितीही भेटी दिल्या तरी तो आवाज त्याच्या आयुष्यातून जात नाही. सगळ्या खेळात मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. इथे थोडं रेंगाळायला हरकत नाही.

आणि आता ज्याने हे सगळं केलं, त्याच्याकडे पाहू. एरिक बॅरोन 2011 मध्ये अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला आणि नोकरी मिळेना. सराव म्हणून त्याने एक खेळ करायला घेतला. लहानपणी 'हार्वेस्ट मून' हा जपानी खेळ त्याला अतिशय आवडायचा. 1996 चा तो खेळ यासुहिरो वाडा यांनी केलेला. गावाकडे वाढून टोकियोत आलेल्या माणसाने गावाची आठवण धरून केलेला. तसाच एक आपण करू, असं बॅरोनने ठरवलं. साडेचार वर्षं गेली. चित्रं, संगीत, प्रोग्रॅम, गावकऱ्यांच्या तोंडचं प्रत्येक वाक्य, सगळं त्याने एकट्याने केलं. गावकऱ्यांचे चेहरे पुन्हा पुन्हा काढले. घर बरंचसं जोडीदारीण चालवत होती. तो स्वतः सिएटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना त्यांच्या जागा दाखवायचं काम करी.

26 फेब्रुवारी 2016 ला खेळ बाहेर आला आणि 2024 च्या अखेरीपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती गेल्या. हा आकडा जरा बाजूला ठेवा. तो समोर असला की मागचं सगळं आपोआप शहाणपणाचं वाटायला लागतं. त्याऐवजी 2013 मधली कुठलीही एक रात्र घ्या. तो एका चेहऱ्याचे डोळे चौथ्यांदा की पाचव्यांदा काढतो आहे. हे कुणी विकत घेईल का, त्याला माहीत नाही. कुठली पेटी नाही, सकाळी जमा होणारे पैसे नाहीत. पेरलेलं उगवेल याची जिथे खात्री आहे असं गाव, तसली कसलीही खात्री नसलेला माणूस रात्री जागून बांधत होता. त्या रात्री तो आणि माझे मामा एकाच बाजूला होते, आणि मी, खेळ हातात धरलेली, दुसऱ्या बाजूला. खेळ चालला नसता तरी त्या रात्रीचं काम तेच राहिलं असतं. तेवढंच बारीक, तेवढंच जिवाला लागलेलं. माझ्या मनात जी ओढाताण चालते, तिची मुळं मला इथे दिसतात. मला शेत हवं असतं, आणि शेतीतलं न कळणं नको असतं. पण ज्यांच्या कामापुढे मी मान लववते, त्या सगळ्यांनी ते न कळणं पोटात घेऊनच काम केलेलं असतं.

तिसऱ्या वर्षीच्या वसंतात, पहिल्याच दिवशी आजोबांचा आत्मा शेतावर येतो. किती कमावलंस, किती जणांशी मैत्री झाली, काय काय पुरं केलंस, हे सगळं तो पाहतो आणि त्याप्रमाणे समाधीपाशी मेणबत्त्या पेटतात. जास्तीत जास्त चार. माझ्या शेतावर तीन पेटल्या. चौथी हवी असेल तर समाधीवर एक हिरा ठेवायचा, म्हणजे आजोबा पुन्हा येऊन हिशेब पाहतात. ज्या आजोबांनी त्या कंपनीच्या टेबलावरून सुटायला वाट करून दिली, त्यांनीच शेवटी हिशेब मागावा, हे मला कधीच रुचलेलं नाही. माझ्या आजोळी कुणी शेताकडे तसं पाहिलेलं नाही.

हिरा मी ठेवला नाही. तो इव्हलिन आजींना देऊन टाकला. गावातले फुलांचे वाफे त्या पाहतात. ती फुलं पेटीत टाकायची नसतात आणि त्याचे त्यांना कुणी पैसे देत नाही. हिरा त्यांना अतिशय आवडतो, त्यामुळे पुन्हा 80 गुण जमा झाले असतीलच. होवोत.