दोरीची ढील

कोकणातल्या एका खाडीवर एक म्हातारा तर चालवायचा. शाळा दुसरीपर्यंत, पण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तोंडपाठ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दहा वर्षांनंतरच्या पौर्णिमेलाही सव्वाअकराच्याच सुमारास. समुद्राला कोणी विचारत नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटीला, सुट्टीवर आलेल्या नातवाने होडी धक्क्याला बांधली. दोरी आखूड, गाठ मात्र झकास. रात्री पाणी पुरुषभर चढलं. दोरीने नाळ खाली धरून ठेवली आणि पाणी आत शिरलं. सकाळी होडी चिखलात, काठोकाठ भरलेली.

दोघं डबे घेऊन उपसायला बसले. नातू पुण्यात शिकत होता. म्हणाला, "आबा, यात माझा दोष नाही. १९८३ साली लिबेट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्रयोग छापला. माणसांना सांगितलं, वाटेल तेव्हा मनगट हलवा. तर मनात यायच्या आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली! म्हणजे आपण ठरवतो हा नुसता भास. भरतीसारखंच, सगळं आधीच ठरलेलं."

"आणि मनात आल्यावर हात हलेपर्यंत?"

"पाव सेकंदाहून कमी वेळ. तेवढ्यात माणूस स्वतःला थांबवू शकतो, असं लिबेटच म्हणायचा." हे तो जरा पुटपुटतच म्हणाला.

बोधकथेतले म्हातारे इथे एखादं सुभाषित टाकतात. हा डबाभर पाणी बाहेर फेकून म्हणाला, "तुला पाव सेकंद मिळाला. मला पाच तास होते. तू गाठ मारलीस तेव्हाच मी पाहिलं, दोरी आखूड आहे. उठून सैल करावी असं दोनदा मनात आलं. कंटाळा केला. होडी मी बुडवली."

नातू गप्प झाला. प्रयोगाबद्दल त्याच्याकडे अजून बरंच सांगण्यासारखं होतं, ते राहिलं.

संध्याकाळी पुन्हा ओहोटी. म्हातारा घराकडे निघाला, जाता जाता एवढंच म्हणाला, "आज प्रतिपदा. पाणी पाऊण तास उशिरा."

नातवाने दोरी खांबाला घातली, गाठ आवळायला घेतली. हात थांबला. त्याने खांबावरची शेवाळाची वरची रेघ पाहिली, तिथून होडीपर्यंत नजरेने अंतर मोजलं आणि दोन हात दोरी सोडली. मग आणखी एक हात.