हौद सगळ्यांचा, तोटी कुणाची?

एकदा आपल्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जा आणि भिंतीकडे बघा. तसबिरींच्या रांगेखाली, नाहीतर कपाटाच्या आडोशाला एक पत्र्याची पेटी दिसेल. तिच्यात फायबर केबलचं टोक, एक छोटं यंत्र आणि बॅटरी असते. काही गावांत आतले दिवे लुकलुकत असतात. ती गावं भाग्यवान. अनेक ठिकाणी दिवे विझलेले असतात आणि पेटीवर झेंडावंदनाच्या दोरीचं भेंडोळं ठेवलेलं असतं. ग्रामसेवक स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दाखले काढत असतो. सरकारी तक्त्यात मात्र ते गाव 'जोडलेलं' असतं.

ही पेटी दानधर्मात आलेली नाही. २००२ पासून केंद्र सरकार दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला ५ टक्के वाटा एका निधीसाठी घेत आलं. सार्वत्रिक सेवा दायित्व निधी हे त्याचं जुनं, जड नाव. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो 'डिजिटल भारत निधी' झाला. कंपन्या भरतात म्हणून तो कंपन्यांचा पैसा, असं समजायचं कारण नाही. उसाच्या फडात बसून कुणी घरच्यांशी बोलण्यासाठी रिचार्ज मारतो, त्यातलाच तो हिस्सा आहे. कंपन्यांना जिथे धंदा दिसत नाही तिथे फोन आणि इंटरनेट पोचवावं, हा निधीचा हेतू. तरी जमलेल्या रकमेचा मोठा भाग वर्षानुवर्षं अखर्चित पडून राहिला. ऑक्टोबर २०११ मध्ये याच निधीतून सुमारे २०,००० कोटींच्या योजनेला मंजुरी मिळाली, अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची. तिचंच पुढे 'भारतनेट' झालं. त्यातल्या पहिल्या एक लाख पंचायती पुऱ्या व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं.

सरकारने यात पडावंच कशाला, असं विचारणारे आहेत. २०१६ मध्ये एका खासगी कंपनीने दर खाली आणले आणि देश इंटरनेटवर आला, मग बाजारच पुरे की! दर पडले हे खरं, आणि त्याचं श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच काळात कंपन्यांची संख्या घटत गेली आणि बहुतेक ग्राहक दोन मोठ्या खासगी कंपन्यांकडे गेले. घरात येणारं फायबर आधी कुठे गेलं? शहरातल्या सोसायट्यांत. यात कंपनीचा गुन्हा नाही, धंद्याने धंद्यासारखं वागावं.

हिशेब समजून घेण्यासारखा आहे. फायबर टाकण्याच्या खर्चात काचेच्या तंतूचा वाटा थोडाच; पैसा जातो तो चर खणण्यात, परवानग्यांत, फोडलेला रस्ता पुन्हा बुजवण्यात. चराच्या टोकाला दहा घरं असोत की हजार, खणायला लागतं तेवढंच. तालुक्याच्या केबलवाल्याकडे माणसं आहेत, शिड्या आहेत, वेळेवर पैसे देणारं घर कोणतं हेही त्याला तोंडपाठ असतं. नाही तो तालुक्यापासून गावापर्यंतचा पंधरा-वीस किलोमीटरचा टप्पा. तो टप्पा सार्वजनिक पैशातून झाला आणि वाजवी भाड्याने कुणालाही वापरता आला, तर त्याच केबलवाल्याचं गणित जमतं. मोबाइल टॉवरचंही तसंच. आपल्याकडचे कित्येक टॉवर अजून मायक्रोवेव्ह लहरींच्या बारीक धाग्यावर चालतात, म्हणून रेंज पूर्ण दिसते आणि व्हिडिओ मात्र फिरत राहतो. टॉवरच्या पायथ्याशी फायबर आलं की तोच टॉवर वेगळा वागतो. सरकारी गुंतवणूक बाजाराला मारते की वाढवते, हा वाद म्हणूनच अर्धवट आहे. सरकार दुकान मांडून बसलं तर शेजारचं दुकान बंद पडेल. सरकारने रस्ता केला तर दहा दुकानं उघडतील.

दक्षिण कोरियाने हे करून दाखवलं. १९९५ मध्ये तिथल्या सरकारने माहिती-पायाभूत सुविधांचा दीर्घ कार्यक्रम हाती घेतला. कण्यासारखं मुख्य जाळं सरकारच्या पैशातून आणि त्यावरची पहिली हक्काची गिऱ्हाइकं सरकारी कार्यालयं आणि शाळा. घरापर्यंतचं काम कंपन्यांनी स्पर्धेत करायचं, त्यासाठी हवी तर कर्जं मिळत. १९९७ च्या आर्थिक संकटानेही हा कार्यक्रम थांबला नाही. १९९८ आणि १९९९ मध्ये नव्या कंपन्या ब्रॉडबँड घेऊन उतरल्या, तेव्हा कुठे जुनी बलाढ्य टेलिफोन कंपनी जागी झाली. २००२ मध्ये तिथे एक कोटी ब्रॉडबँड जोडण्या झाल्या. मला या कहाणीत सगळ्यात मोलाची वाटते ती तारेबाहेरची गोष्ट. २००० साली त्यांनी एक कोटी लोकांना इंटरनेट शिकवण्याची मोहीम काढली आणि गृहिणींसाठी खास वर्ग चालवले. ज्या घरात आईला इंटरनेटचा उपयोग कळतो, त्या घरात जोडणीचे पैसे महिन्याच्या खर्चात आपोआप बसतात. बाजारपेठ म्हणतात ती अशी घरातून तयार होते. आपण मात्र मागणी वाढण्याची वाट बघत बसलो, जणू ती पावसासारखी वरून पडणार होती.

सोय सर्वांना खुली हवी, हे सांगायला कोरियापर्यंत जायची गरज खरं तर नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर तळं तेव्हाच सर्वांचं झालं. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन त्या पायऱ्या उतराव्या लागल्या, आणि कोर्टातला निकाल यायला १९३७ साल लागलं. पाण्याच्या त्या लढ्याशी इंटरनेटच्या तारेची बरोबरी मी करत नाही. तो माणूसपणाचा लढा होता. पण बोले ठरावातलं तत्त्व इथे तसंच्या तसं लागू पडतं. पैसा सर्वांचा असेल तर वापरही सर्वांना खुला हवा. आणि ठराव झाला म्हणजे ओंजळीत पाणी आलं, असं नसतं.

भारतनेटचं दुखणं नेमकं इथे आहे. यशाचं माप ठरलं ते किती किलोमीटर केबल पुरली आणि किती पंचायतींत पेटी बसली. ठेकेदाराचं बिल पेटी बसली की निघतं. दिवा पुढच्या पावसाळ्यातही लागतो का, याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. पहिल्या टप्प्यात केबल एका रांगेत, एका गावातून पुढच्या गावाकडे गेली. रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी एका ठिकाणी फिरला की त्यापुढची सगळी गावं अंधारात. पंचायतीच्या भिंतीपासून गल्लीतल्या घरापर्यंत कोण जाणार, हा प्रश्न तर फार उशिरा विचारला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात गोलाकार जोडणी आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालावं, आणि दहा वर्षांची देखभालही आहे. उशिरा का होईना, चूक ओळखली गेली. पण ही योजनाही किलोमीटरांवरच मोजली गेली, तर आकडा वाढेल आणि पेटीवरची दोरी तशीच राहील.

एक इशारा आपल्या पुढाऱ्यांसाठी. 'फुकट वायफाय'चा फलक चौकात लावायला सोपा असतो. उद्घाटनाला फोटो निघतात, चार महिन्यांनी वायफाय बंद पडतं, आणि दरम्यान त्या गावात धंदा करू पाहणारा तरुण मात्र उठून जातो. फुकट द्यायचंच असेल तर शाळेला द्या, आरोग्य उपकेंद्राला द्या, अंगणवाडीला द्या, केरळसारखं गरीब कुटुंबांसाठी ठेवा. बाकीच्यांसाठी सरकारने घाऊक मालाचं दार उघडं ठेवावं. मोठी कंपनी, छोटा केबलवाला, महिला बचत गटाचा उपक्रम, सगळ्यांना एकच जाहीर भाडं. जिथे भाडं जाहीर नसतं तिथे ओळख चालते, आणि ओळखीवर चालणारी तोटी कुणासाठी सुटते हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आपलंही थोडं बघू. सातबारा, रेशनच्या दुकानातला अंगठा, २०२१ पासूनची ई-पीक पाहणी, सगळं तारेवर आलं आहे. ते चाललं नाही की आपण 'सर्व्हर डाऊन' म्हणतो आणि घरी परततो. पाण्याच्या टाकीत पाणी नसेल तर आपल्या बायका हंडे घेऊन पंचायतीवर जातात. इंटरनेट नसेल तर कुणी जात नाही, कारण ती आपल्या हक्काची वस्तू आहे असं अजून मनात बसलेलं नाही. टाळेबंदीत कोकणातली पोरं रेंजसाठी डोंगर चढून गेली. आपण त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं. डोंगर का चढावा लागला, हे विचारणाऱ्याला कुणी हार घातला नाही.

१ मे आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. विषयपत्रिकेवर रस्ता, गटार, दिवाबत्ती असतेच. त्यांच्याखाली एक ओळ वाढवायला सांगा. पेटी कधी बसली, शेवटची कधी चालली, दुरुस्तीची तक्रार कुणी आणि कुठे नोंदवली, गावातल्या कुणाला त्यावरून जोडणी घ्यायची असेल तर भाडं किती. बायका सभेला येणार असतील तर त्यांनाच आधी बोलू द्या. सर्व्हर डाऊनच्या सगळ्यात जास्त खेपा त्यांनीच घातलेल्या असतात. आणि उठण्याआधी, पेटीची किल्ली कुणाकडे असते तेही विचारून घ्या.