सैनिकाला गृहीत धरताना

गेल्या वर्षी एका परिसंवादात एक अर्थतज्ज्ञ मित्र म्हणाले, निवृत्तिवेतनाने आपलं सैन्य पोखरलं. त्यांनी फेकलेला आकडा खरा होता. २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींच्या संरक्षण तरतुदीतले सुमारे १.६ लाख कोटी पेन्शनचे. त्यात खात्याचे मुलकी कर्मचारीही येतात, हे मात्र ते सांगायला विसरले. पुढे म्हणाले, “कृतज्ञता ठीक, पण ती परवडायला हवी.”

माझं भांडण या ‘कृतज्ञता’शी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोलीत पेन्शनर शिपायांची वस्ती होती. त्यांतलेच एक गोपाळबाबा वलंगकर. त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहिलं आणि महारांची बंद झालेली लष्करभरती पुन्हा सुरू करा, असा अर्ज लिहिला. गावगाड्यावर पोट असलेल्या माणसाला एवढं धारिष्ट कुठून यायचं? दरमहा येणारी ती रक्कम कुणाच्या मेहेरबानीवर नव्हती. माझ्या मित्राला ती ओझं वाटते, मला ती महाराष्ट्राच्या समाजसुधारणेची मूठभर पण हुकमी शिदोरी वाटते.

वन रँक वन पेन्शनबद्दल इतकं लिहून झालंय की मी तिकडे फिरकत नाही. त्यासाठीचं जंतरमंतरवरचं आंदोलन सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आजारी जवानाला तपासणाऱ्या मेडिकल बोर्डाची खोली कुणी पाहिली नाही. त्या खोलीतून जवान बाहेर पडतो तो एक शेरा घेऊन: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. म्हणजे अपंगत्वाचं पेन्शन नाही. धरमवीर सिंग नावाच्या शिपायाला सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फेफऱ्याच्या विकारासाठी घरी पाठवलं, ते असंच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बोर्डाला साधा सवाल केला: भरतीच्या वेळी हा माणूस धडधाकट होता ना? तशी नोंद तुमचीच ना? मग आजार नोकरीत लागला असंच गृहीत धरा. तो तसा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची, त्याची नव्हे.

‘गृहीत धरणे’ हा आपल्या भाषेतला मोठा लबाड प्रयोग आहे. बायकोला, आईला, सैनिकाला आपण एका अर्थाने गृहीत धरतच आलो आहोत. न्यायालयाने तोच प्रयोग उलटा करून सैनिकाच्या बाजूने वापरला.

इथवर मी जिंकलो होतो. मग सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’चा अहवाल हाती आला. अपंगत्वाचं पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरंच जास्त! बर्फात पाय कुणाचे गोठतात आणि फाईल कुणाला वाचता येते, यातलं अंतर एवढं उघडं पडल्यावर मित्राला फोन करणं भाग होतं. केला. त्यांना फार आनंद झाला.

पण आजार सेवेचाच गृहीत धरण्याची ही सवलत काढून घ्यावी हे मला अजूनही पटत नाही. ती माणसाला न चिकटवता जागेला चिकटवावी, एवढा माझा विचार हलला आहे. अमेरिकेने २०२२ च्या पॅक्ट कायद्यात हेच केलं. इराक-अफगाणिस्तानात लष्करी तळांवर कचरा खड्ड्यांत जाळायचे. त्या काळात तिथे नेमणूक असलेल्याला यादीतला श्वसनविकार किंवा कर्करोग झाला, तर तो सेवेचाच धरायचा. तेही सुखासुखी झालं नाही. शेवटच्या टप्प्यात सिनेटमध्ये गाडं अडलं, तेव्हा माजी सैनिक कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर मुक्काम ठोकून बसले.

आपल्याकडे बसायचं कुठल्या पायरीवर? अपंगत्वाचे नियम १९८२ चे, मग २००८ चे, मग २०२३ चे. दरवेळी बदलले ते मंत्रालयाने, संसदेने नव्हे. माजी सैनिकांसाठीची २००३ ची ईसीएचएस ही आरोग्यसेवाही योजनाच. योजनेला अटी असतात, उद्घाटन असतं. कायद्याला मुदतीत उत्तर देणारा अधिकारी असावा लागतो.

चार वर्षांसाठीच भरती झालेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची मुदत २०२६ सरताना संपू लागते. पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं सैन्यात राहतील. बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन घरी येतील, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. सेवेतच अपंगत्व आलं तर एकरकमी भरपाई आहे, पण तिथेही तोच शेरा आडवा येऊ शकतो. आणि तोफेजवळ घालवलेल्या चार वर्षांमुळे तिसाव्या वर्षी कान गेला, तर सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या पोराने कोणत्या खिडकीशी उभं राहायचं, हे मी मित्राला विचारलं. ते म्हणाले, “विमा काढावा.”

मी विचारलं, प्रस्तावाच्या अर्जात ‘आधीचा आजार’ या रकान्यात त्याने काय लिहायचं?