हृदयाचा वसंत



३० मार्च २०२५ रोजी गुढीपाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवशी ईदुल फित्र. ईदच्या नमाजनंतर गळाभेटी चालू असताना एक वयोवृद्ध चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मौलाना, महिनाभर रोजे धरले, तरावीह चुकवली नाही. पण मन दगडासारखं झालंय. दुआला हात वर केले तरी डोळ्यांत पाणी येत नाही. फजर झाली की घरात शिरतो, तो दार लावून बसतो. बाहेर पडावंसंच वाटत नाही."

कारण त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. ७ जून २०२३ रोजी आपल्या कोल्हापूर शहरात जे घडले आणि १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरच्या मुसलमानवाडीत घरांवर व मशिदीवर जो हल्ला झाला, ते या जिल्ह्यातील कोणता मुसलमान विसरला आहे? त्या दिवसांनंतर अनेक घरांत भीती येऊन बसली आहे, आणि भीती दीर्घकाळ मुक्कामाला राहिली की मन कठोर होते. चाचांना त्या गर्दीत काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही. जे पुढे सुचले, ते येथे मांडतो.

सूरह हदीदच्या सोळाव्या आयतीत अल्लाह ईमानधारकांना विचारतो की, त्याच्या स्मरणाने तुमची अंतःकरणे विनम्र होण्याची वेळ अजून आली नाही काय? पूर्वीच्या ग्रंथधारकांवर दीर्घ काळ लोटला आणि त्यांची मने कठोर झाली, हा इशाराही तेथेच आहे. वाचणारा घाबरून स्वतःला विचारतो, माझेही असेच झाले असेल तर? लगेच पुढची, सतरावी आयत सांगते की, जाणून असा, अल्लाह मृत झालेल्या जमिनीला पुन्हा जीवन देतो. कठोर मनाचा विषय चालू असताना अल्लाह आपले लक्ष जमिनीकडे वळवितो. जो मेलेल्या मातीतून अंकुर काढतो, त्याला दगड झालेले मन जिवंत करणे अवघड नाही, हाच या दोन आयतींच्या शेजाराचा अर्थ आहे.

ईदनंतर काही दिवसांनी मलकापूरहून आंबा घाटाकडे जाण्याचा योग आला. माळावरचे गवत वाळून पांढरे पडले होते, ओढे आटले होते. तरीही पळसाच्या निष्पर्ण फांद्यांवर उरलेली केशरी फुले होती, कुसुंबाला तांबडी पालवी फुटली होती, करवंदीच्या जाळ्यांवर पांढरी फुले दरवळत होती आणि अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या फुलोऱ्याने झाकल्या होत्या. आपल्या सह्याद्रीतील वसंताची ही रीत विचार करण्यासारखी आहे. तो पावसानंतर येत नाही. पाऊस दोन महिने दूर असताना, माती सर्वांत कोरडी असताना तो येतो. झाडांनी गेल्या पावसाळ्याचे पाणी आपल्या मुळांशी आणि खोडांत जपून ठेवलेले असते, त्यावर ती फुलतात. सूरह इन्शिराहमध्ये अल्लाहने सोय अडचणीच्या 'सोबत' असल्याचे फर्माविले आहे, आणि हे दोनदा फर्माविले आहे. 'अडचणीनंतर' असे तेथे म्हटलेले नाही. मदरशात या आयतीचे व्याकरण मी शिकलो होतो. तिचे उदाहरण त्या पळसाखाली पाहिले.

कुरआन आणि सीरत वाचताना असे दिसते की, अल्लाहने आपल्या अत्यंत दुःखी दासांना एखाद्या झाडाजवळ आणले आहे. हजरत मरयम (अ.) प्रसूतीच्या वेदनांनी खजुरीच्या बुंध्याशी आल्या आणि म्हणाल्या की, याआधीच मी मरून गेले असते व विस्मृतीत गेले असते तर बरे झाले असते. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, दुःख करू नकोस. पायाशी झरा आहे, बुंधा हलव, ताजी खजूर पडेल. खा, पी आणि डोळे निवव. हजरत यूनुस (अ.) माशाच्या पोटातून उजाड किनाऱ्यावर आजारी अवस्थेत पडले, तेव्हा अल्लाहने त्यांच्यावर भोपळ्याच्या जातीचा एक वेल उगविला. आणि आपले प्रेषित मुहम्मद (स.)! हजरत खदीजा (रजि.) आणि चुलते अबू तालिब यांच्या वियोगाचे ते वर्ष. ताइफच्या लोकांनी दगड मारले, पावले रक्ताळली, आणि आप (स.) एका द्राक्षाच्या बागेत सावलीला बसले.

तिघांनाही सावली मिळाली, पण तिघांपैकी कोणीही त्या सावलीत कायमचे राहिले नाही, हे लक्षात घ्या. मरयम (अ.) बाळाला कडेवर घेऊन आपल्या लोकांत परतल्या, जेथे आरोप त्यांची वाट पाहत होते. ज्या लोकांना सोडून यूनुस (अ.) रागाने निघून गेले होते, त्या लाखाहून अधिक लोकांकडेच त्यांना पाठविण्यात आले. आप (स.) मक्केला परतले. निसर्ग दुःख विसरण्याची जागा नाही. माणसांत परत जाण्याचे बळ गोळा करण्याची ती जागा आहे. झालेल्या अन्यायाविरुद्ध कायद्याने दाद मागणेही या परतण्यातच येते. सब्र म्हणजे गप्प राहणे नव्हे.

ताइफच्या बागेतील आणखी एक गोष्ट. बागेचे मालक इस्लामचे विरोधक होते, तरी रक्ताळलेला पाहुणा पाहून त्यांचे मन द्रवले आणि त्यांनी अद्दास नावाच्या आपल्या ख्रिस्ती गुलामाच्या हाती द्राक्षे पाठविली. तो यूनुस (अ.) यांच्याच निनवा गावचा निघाला. दगड एका गावाने मारले, द्राक्षे दुसऱ्या धर्माच्या हाताने दिली, आप (स.) यांनी दोन्ही लक्षात ठेवले. म्हणूनच पर्वतांच्या फरिश्त्याने त्या लोकांना चिरडण्याची तयारी दाखविली, तेव्हा आप (स.) यांनी नकार दिला आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांतून एका अल्लाहची उपासना करणारे निपजतील अशी आशा व्यक्त केली. त्या पाडव्याला माझ्या घरी शेजारून पुरणपोळी आली आणि ईदला त्या घरी शीरखुर्मा गेला. अद्दासची ताटली आपल्या गल्लीतही येत असते. भीतीने दार लावून घेतले, तर तीही बाहेरच राहील.

आपले शेतकरी 'रब्बी' हा शब्द रोज वापरतात. तो अरबी 'रबीअ' या शब्दावरून आला आहे. रबीअ म्हणजे वसंत, आणि जमिनीला जिवंत करणारा पाऊसही. मुस्नद अहमदमध्ये हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून चिंता व दुःखाच्या प्रसंगी करावयाची एक दुआ आली आहे. तीत बंदा अल्लाहकडे मागतो की, कुरआनला माझ्या हृदयाचा रबीअ बनव. बाहेरचा वसंत पाहून डोळे निवतात; पण तो दोन महिन्यांचा पाहुणा आहे. सूरह हदीदच्याच विसाव्या आयतीत हिरवे पीक पिवळे पडून चुरा होते, याचीही आठवण दिली आहे. बाहेरचा वसंत आपल्याला आतल्या वसंताच्या दारापर्यंत आणून सोडतो. आत शिरायचे ते कुरआनच्या हाताला धरून.

त्या चाचांना मी पुढच्या जुम्याला तीन गोष्टी सांगितल्या, त्याच आपणांसही सांगतो. एक, फजरनंतर दार लावू नका. रंकाळ्यापर्यंत किंवा आपल्या गावच्या बांधापर्यंत चाला, आणि प्रत्येक झाड पाहून 'सुब्हानल्लाह' म्हणा. दोन, घरी परतल्यावर ती दुआ करा आणि थोडा का होईना, कुरआन अर्थासह वाचा. तीन, पावसाळ्यात एक रोप लावा. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असले, तरी शक्य असल्यास ते लावावे, अशी आप (स.) यांची शिकवण आहे. त्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले, तरी लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिला जातो. हंगामाचे पहिले फळ आले की, आप (स.) बरकतीची दुआ करून ते हजर असलेल्या सर्वांत लहान मुलाला देत. या वर्षीचा पहिला आंबा घरी आला की, गल्लीतील सर्वांत लहान मुलाला द्या. ते मूल कोणत्या घरचे आहे, हे विचारू नका.

हे अल्लाह! ज्यांची घरे मोडली, त्यांना पुन्हा वसव. ज्यांची मने वाळली, त्यांवर तुझ्या दयेचा पाऊस पाड. आम्हांला न्यायासाठी धैर्य दे, द्वेषापासून दूर ठेव, आणि कुरआनला आमच्या हृदयाचा वसंत बनव. आमीन.