मोठ्या संघातली धाकटी

शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस जवळ आले की संघनिवडीची चर्चा घराघरांत पोहोचते. सॉफ्टबॉलमध्ये 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात. मुलींच्या 17 च्या गटात मुख्य भरणा नववी-दहावीतल्यांचा. पण एखाद्या वर्षी आठवीतली एखादी पोर अशी निघते, की तिला धाकट्या गटात ठेवणं क्रीडाशिक्षकांच्या जिवावर येतं. तिची नजर चेंडूवरून हलत नाही, स्लगर, म्हणजे सॉफ्टबॉलची बॅट, हातात आला की फटका बसतोच. सर तिला वरच्या संघात घेतात. घरी पेढे येतात. आणि त्याच रात्री दुसऱ्या एका घरात दहावीतली मुलगी जेवायला उठत नाही.

मला आधी या दुसऱ्या घराबद्दल बोलायचं आहे.

मैदानावर नऊच जणी उतरतात. धाकटी आत आली की कुणीतरी बाहेर बसणारच. बाहेर बसलेली मुलगी दोन-तीन वर्षं सकाळी साडेसहाला मैदानावर आलेली असते, आणि ही जागा म्हणजे तिची निव्वळ हौस नसते. शालेय स्पर्धांत वरच्या पातळीपर्यंत मजल मारली तर दहावीच्या निकालात खेळाचे गुण मिळतात. पुढे राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पुण्याच्या बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरच्या चढावर राहणाऱ्या कष्टकरी घरांत हा हिशेब आईवडिलांनाही पाठ असतो. तिथे जाऊन ‘खेळच तो, एवढं मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे.

मग जागा कुणाची? जिचा खेळ चांगला तिची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इयत्तेप्रमाणे जागा वाटायच्या तर सराव कशासाठी करायचा? पण एवढं म्हटल्यानं मोठ्यांची सुटका होत नाही. रात्री व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यादी टाकून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं, यादी अगदी बिनचूक असली तरी. जिची जागा गेली तिला यादी लागण्याआधी बोलावून घ्यावं, समोर बसवावं आणि कारण सांगावं. तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसपर्यंत तुझा थ्रो पोहोचायला वेळ लागतोय, धावपटू तेवढ्यात निसटते, यावर असं काम कर, आणि या वर्षी संघात तुझ्याकडे हे हे असेल. तिला रडू येईल. येऊ द्यावं. सरांनी तेवढा वेळ तिथून उठू नये. आणि ज्या निवडीचं कारण त्या मुलीच्या डोळ्यांत बघून सांगता येत नाही, ती निवड सरांनी पुन्हा तपासावी.

आता धाकटी. तिच्याकडे कौतुकानं बघताना ती अजून लहान आहे, हे सगळेच विसरतात. सॉफ्टबॉलच्या मैदानात दोन बेसमधलं अंतर 60 फूट, पण तिसऱ्या बेसवरून पहिल्यावर चेंडू फेकायचा तर तो कर्णाचा हिशेब, जवळपास 85 फूट. सोळाव्या वर्षीचा खांदा हे सहज करतो. तेराव्या वर्षीच्या खांद्याला पुन्हापुन्हा करायला लावलं तर तो दुखावतो. संघ जिंकतोय म्हणून आठवीतल्या पिचरला प्रत्येक सामन्यात साती इनिंग टाकायला लावणारे प्रशिक्षक पुढच्या दोन वर्षांचं बळ आजच वापरून टाकतात. मुलगी ‘नाही’ म्हणणार नाही. मोठ्या संघात घेतलंय, या उपकाराखाली ती ‘दुखतंय’ हेसुद्धा म्हणत नाही. म्हणून ते तिला रोज विचारावं लागतं.

अशा नवख्या मुलीला बहुधा राइट फील्डला उभं करतात, कारण तिकडे चेंडू कमी येतात. एका सरावात मी अशीच एक मुलगी पाहिली. उसना ग्लोव्ह, मनगटाचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवूनही सैल. चेंडू नेमका तिच्याकडेच उडाला. तिनं तो छान घेतला, जीव खाऊन फेकला. पण तो दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचणार नव्हता. तेवढ्यात तिथली मोठी मुलगी आपली जागा सोडून धावत पुढे आली, अर्ध्या वाटेत चेंडू घेतला, वळली आणि होमला फेकला. धाकटीला कुणी काही बोललं नाही. पुढच्या चेंडूला ती मोठी आपण होऊन चार पावलं पुढे उभी राहिली. वरच्या इयत्तेतल्या मुलींना थोरपण कसं मिरवावं हे शिकवायचं असेल, तर मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

याच्या उलटही पाहायला मिळतं. धाकटी आली की किटची बॅग तिनं उचलायची, बाटल्या तिनं भरायच्या, कॅचरचे पॅड तिनं पुसायचे. ‘आम्हीपण केलंय’ हे त्याचं समर्थन. सामान सगळ्यांनी पाळीपाळीनं उचलावं, कर्णधारानंही. ज्या संघात धाकटीला हरकाम्या समजतात, तिथे तिनं शेवटच्या इनिंगमध्ये धाडसी खेळ करावा ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

सांगलीची क्रिकेटपटू स्मृती मानधना हिची निवड नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या 15 वर्षांखालील आणि अकराव्या वर्षी 19 वर्षांखालील संघात झाली होती. 2013 मध्ये तिनं गुजरातविरुद्ध नाबाद 224 धावा केल्या, तेव्हा ती 17 वर्षांची होती. अकरा ते सतरा या मधल्या काळात अशा मुलीच्या आजूबाजूला कोण होतं, कुणी सांभाळून घेतलं, याच्या बातम्या होत नाहीत. प्रत्येक गुणी पोरीची ती वर्षं मात्र कुणाच्या तरी हातात असतात.

आणि बिबवेवाडीत बसून हे लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये याच भागात कबड्डीच्या सरावाला आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचा संध्याकाळच्या वेळी, मैत्रिणींसमोर खून झाला. त्यानंतर कित्येक घरांत मुलींचं मैदान बंद झालं असेल, आणि त्या आईवडिलांना दोष देण्याचं धाडस मी करणार नाही. पण मुलीला घरात ठेवणं हे उत्तर मला मान्य नाही; गुन्हा दुसऱ्याचा, शिक्षा तिला का? मार्च 2022 मध्ये राज्य सरकारनं शाळाशाळांत ‘सखी सावित्री समिती’ नेमायला सांगितलं. ती समिती कागदावर आहे की संध्याकाळच्या सरावापर्यंत पोहोचते, हे पालकांनी शाळेत जाऊन विचारायला हवं. मोठ्या संघाचा सराव उशिरा सुटतो. दहावीच्या मुली घोळक्यानं निघतात, आणि आठवीतली एकटी उरते, कारण तिच्या वर्गातलं त्या वेळी तिथे कुणीच नसतं. तिला कुणी त्रास देत असेल तर ते ती मोठ्या मुलींना सांगू शकेल, इतकी जवळीक संघात हवी. सराव अंधाराआधी आटोपावा, तिच्या वाटेवरची एक मोठी मुलगी तिच्यासोबत नेमून द्यावी, आणि शेवटची मुलगी निघेपर्यंत सरांनी मैदान सोडू नये. हे सगळं नाव नोंदवण्याच्या दिवशीच विचारून घ्यावं, आणि शाळेनं ते लिहून द्यावं.