सत्रभराचा अभ्यास आणि फळाची ओढ

कॉलेजचे सत्र साधारण पंधरा-सोळा आठवड्यांचे असते. त्यातला बराच काळ लेक्चर, सबमिशन आणि दुसऱ्याच्या जर्नलवरून प्रयोग उतरवण्यात जातो. खरा अभ्यास पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुटी, लागल्यावरच सुरू होतो. दोष आळसाला दिला जातो. गीतेच्या दृष्टीने कारण आणखी खोल आहे. केवळ फळासाठी झटणारे मन फळ लांब असताना थंड पडते आणि ते जवळ आले की घाबरून धावत सुटते.

दुसऱ्या अध्यायातल्या ४७व्या श्लोकाचा अर्थ ‘मार्कांची पर्वा करू नका’ एवढाच सांगणे अपुरे आहे. त्याचा शेवटचा चरण काहीच न करण्याची आसक्तीही नाकारतो. अठराव्या अध्यायात तर कर्म तडीस जाण्याची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव. पेपर कसा निघेल, ऐन परीक्षेच्या सकाळी ताप भरेल का, हे विद्यार्थ्याच्या हाती नाही. थर्मोडायनॅमिक्सची दोन गणिते आज संध्याकाळी वही मिटून सोडवणे मात्र आहे. एटीकेटीच्या धास्तीने गोठलेल्या मुलाला या विवेकाइतका आधार दुसरा नाही.

रोजचे प्रमाण ठरवताना पतंजलींच्या योगसूत्रांतल्या तीन अटी उपयोगी पडतात. अभ्यास पक्का व्हायचा तर तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने व्हावा लागतो. तिथे विषय चित्त स्थिर करण्याचा आहे, पाठांतराचा नव्हे. तरी अटी तंतोतंत लागू पडतात. सर्वांत अवघड दुसरी. एका रात्रीत दहा तास वाचलेले लवकर विरते, तेच दहा तास महिनाभर वाटले तर मुरते. ‘नाइट मारणे’ हा पराक्रम समजला जातो, पण गीतेचा सहावा अध्याय अति झोपणाऱ्याबरोबर अति जागणाऱ्यालाही योग साधत नाही असे स्पष्ट सांगतो.

अतिश्रमाचा विचार बौद्ध परंपरेत अधिक बारकाईने झाला आहे. सोण हा भिक्षू चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, करताना इतका चालला की तळपाय फुटून रक्त आले, आणि निराश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धांनी त्याला तारांचीच आठवण दिली: फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजत नाही. अति प्रयत्नाने चित्त अस्वस्थ होते, कमी पडल्यास सुस्तावते. सोणने साधना सोडली नाही. प्रयत्न समतोल केला आणि पुढे तो अरहंत झाला. हा समतोल प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी आखलेले वेळापत्रक पहिल्या इंटर्नलनंतर बदलावे लागले, तर त्यात निश्चय मोडल्याचे दुःख मानण्याचे कारण नाही.